गुडघ्याच्या आधी मान

नमस्कार श्रोतेहो.

एक बाई माझ्याकडे आल्या त्या रागावूनच. वीस वर्षांचा आमवात, दोन्ही गुडघे झिजलेले, त्यातल्या एकाचं ऑपरेशन ठरलेलं. आणि भूलतज्ज्ञांनी ऐन वेळी सांगितलं, आधी मानेचे एक्स-रे काढून या. एक मान पुढे वाकवून, एक मागे नेऊन. "डॉक्टर, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली गत आहे ही. दुखतो गुडघा आणि फोटो मानेचा!" मान दुखते का, असं विचारलं तर म्हणाल्या, "थोडी. या वयात कुणाची दुखत नाही?"

मग मी विचारलं, कपड्यांची बटणं तुमची तुम्हाला लावता येतात का? त्या गप्प झाल्या. सहा महिने झाले, मुलगी लावून देत होती. त्याचं खापर त्यांनी आमवातानं वाकड्या झालेल्या बोटांवर फोडलं होतं, आणि चालताना तोल जातो त्याचं गुडघ्यांवर.

आता हे मानेशी कसं जोडलेलं आहे ते सांगतो. मानेत 7 मणके असतात. खालचे पाच बरेचसे एकमेकांसारखे, पण वरच्या दोघांची घडणच न्यारी. पहिला मणका म्हणजे नुसती हाडाची कडी. तिच्यावर चार-पाच किलोंचं डोकं विसावलेलं असतं, म्हणून तिला नाव मिळालं अ‍ॅटलास. ग्रीक पुराणात आकाश पेलून धरणाऱ्याचं हे नाव. दुसरा मणका अ‍ॅक्सिस. त्यातून हाडाचा एक सुळका वर येतो आणि थेट त्या कडीत शिरतो. जात्याच्या खालच्या दगडात मधोमध खीळ असते आणि वरचा दगड तिच्याभोवती फिरतो ना, तसंच हे.

बसल्या जागी जरा मान हलवून 'हो' म्हणा. गाडी चालवताना ऐकत असाल तर हा प्रयोग नंतर करा. हा होकार मुख्यतः कवटी आणि अ‍ॅटलास यांच्यामधल्या सांध्यातून येतो. आता 'नाही' म्हणा. हे त्या खिळीभोवतीचं फिरणं. मान डावीकडे-उजवीकडे वळते त्यातलं साधारण निम्मं वळणं या एकाच जागी होतं. आणि या दोन्ही सांध्यांत गादी नसते बरं का. तेव्हा 'गादी सरकली' हे आपलं आवडतं निदान इथे लागूच पडत नाही.

सुळका मागे, मज्जारज्जूवर जाऊ नये म्हणून त्याच्या पाठीमागून एक चिवट आडवा पट्टा ताणलेला असतो. मोठ्या माणसात कडीची पुढची बाजू आणि सुळका यांच्यात 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट असू नये; लहान मुलांत 5 पर्यंत चालते. आमवातात सांध्याचं अस्तर सुजतं आणि हा पट्टा आतून पोखरला जातो. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांत तो जन्मापासूनच सैल असतो. कधी सुळक्याची घडण मुळातच अपुरी राहिलेली असते, कधी क्षयाचा जंतू इथे ठाण मांडतो. म्हातारपणी तर नुसतं पाय घसरून पडलं तरी सुळका मोडू शकतो.

पण मग माणूस इतके दिवस तक्रार कशी करत नाही? कारण जागा आहे. कडीच्या पोकळीचे ढोबळ तीन भाग धरा. एक सुळक्याचा, एक मज्जारज्जूचा, आणि तिसरा चक्क रिकामा. हा रिकामा भाग खर्ची पडेपर्यंत सगळं गुपचूप चालतं. तो संपला की बोलतात ते हात आणि पाय. बटण लागत नाही, अक्षर बिघडतं, अंधारात चालताना भिंतीचा आधार लागतो. मान वाकवली की पाठीतून विजेचा झटका उतरल्यासारखं वाटतं. मान त्या मानानं शांतच! दुखणं किती यावरून या आजाराचं मोजमाप करता येत नाही, हे मी नव्या डॉक्टरांनाही सांगून थकलोय.

म्हणून तपासणी पायांपासून सुरू करावी असं माझं मत आहे. रुग्णाला एका रेषेत पावलाला पाऊल लावून चालवायचं, मुठी भराभर उघडायला-मिटायला लावायच्या, गुडघ्यावर हातोडी मारून पाय जास्तच उडतो का ते पाहायचं. मग एक्स-रे. त्यातला एक तोंड उघडून काढतात, कारण समोरून सुळका दिसायचा तर जबडा आणि दात आड येतात. हाड नीट पाहायला सीटी स्कॅन, मज्जारज्जूसाठी एमआरआय. पण एमआरआय साधारणपणे उताणं झोपवून होतो, आणि त्या स्थितीत सरकलेला मणका कधी कधी गपचूप जागेवर येऊन बसतो. त्यामुळे 'एमआरआय चांगला आहे' म्हणजे विषय मिटला असं नाही. वाकवलेल्या मानेचा एक्स-रे हवाच. ती मान मात्र रुग्णानं स्वतः, झेपेल तेवढीच वाकवायची. दुसऱ्यानं दाबायची नाही.

हे ऐकून घाबरू नका. मान दुखणाऱ्या बहुतेकांना यातलं काहीही झालेलं नसतं. स्नायू आखडतात, काही आठवड्यांत व्यायामानं, साध्या वेदनाशामकानं सुटतात. डोक्याच्या मागून वर चढणारी डोकेदुखीसुद्धा अनेकदा या वरच्या सांध्यांतूनच निघते, आणि तिलाही फिजिओथेरपीनं उतार पडतो. गळ्यातला मऊ पट्टा महिनोन्‌महिने वापरू नका, स्नायू आळशी होतात. आणि मानेला हिसका देऊन कट्‌ असा आवाज काढणारे हात, मग ते कुणाचेही असोत, लांबच ठेवा. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या या मणक्यांच्या भोकांतून वर जातात आणि अ‍ॅटलासला वळसा घालून कवटीत शिरतात. हिसक्यानं त्यांचं अस्तर फाटून अर्धांगवायू झाल्याची उदाहरणं आहेत.

अपघातात तर मान हलवूच नका. श्वासाच्या पडद्याची नस मानेतल्या 3 ते 5 क्रमांकाच्या मुळांतून निघते. त्याच्या वर मज्जारज्जू चेपला तर श्वासच थांबतो.

बाईंच्या एक्स-रेत मान ताठ असताना फट होती 4 मिलिमीटर, आणि वाकवल्यावर 9. मागे मज्जारज्जूला उरलेली जागा 14 मिलिमीटरच्या आत गेली की सर्जन सावध होतात. इथे ती गेली होती. भूल देताना नळी घालायला मान मागे वळवतात, झोपेत स्नायू सैल पडतात. भूलतज्ज्ञांनी नेमकं तेच ओळखलं होतं.

असे मणके एकमेकांना बांधायची खटपट जुनी आहे. 1910 मध्ये मिक्स्टर आणि ऑसगुड या सर्जननी चक्क रेशमी दोऱ्यानं बांधले होते. पुढे तार आली. 1994 मध्ये अतुल गोयल आणि लाहेरी यांनी दोन्ही मणक्यांत स्क्रू घालून ते पट्टीनं जोडायची पद्धत मांडली, आणि 2001 मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी तिचं पट्टीऐवजी सळई वापरणारं रूप प्रचारात आणलं. आज जगभर याच वाटेनं जातात. आमवाताची औषधं वेळेवर सुरू झाल्यामुळे आता ही पाळी पूर्वीपेक्षा कमी येते, हेही सांगायला हवं.

आम्ही बाईंना आधीच स्पष्ट सांगितलं होतं, की हे ऑपरेशन प्रामुख्यानं पुढचं नुकसान थांबवण्यासाठी. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. मान आधी झाली, गुडघा चार महिन्यांनी. तोल सावरला. बटणं लागतात, पण वेळ घेतात. वरचं अजून मुलगीच लावते. आणि मागून कुणी हाक मारली, की बाई खांद्यांसकट वळतात.