बकऱ्या बघा

(दृश्य : धुरकट सकाळ. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्या, वाऱ्यानं आडवं झालेलं गवत. दोन बकऱ्या निवांत चरतायत.)

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यात, लाहिंच नावाचं एक छोटं गाव आहे. समोर अटलांटिक, आणि गावाला लागून १८९२ साली सुरू झालेला गोल्फ क्लब. या क्लबात एक बॅरोमीटर होता, हवेच्या दाबावरून पावसाचा अंदाज देणारा. तो बिघडला, त्याचे काटे गेले. दुसऱ्या एखाद्या क्लबानं तो दुरुस्तीला धाडला असता. इथं कुणीतरी त्याच्यावर एक पाटी अडकवली : ‘बकऱ्या बघा.’

आणि खरंच बघायच्या. मैदानावर बकऱ्या मोकळ्या फिरत असतात. त्या लांब टेकड्यांवर चरत असल्या तर खुशाल खेळायला निघा. क्लबहाउसच्या आडोशाला येऊन उभ्या राहिल्या, तर रेनकोट चढवा, नाहीतर आतच बसा आणि गिनेस बिअर मागवा. क्लबच्या बोधचिन्हावरसुद्धा बकरीच आहे. सिंह नाही, गरुड नाही, बकरी!

आयरिश माणूस चेष्टा करतो ती अशी. चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, आवाज चढत नाही. हसायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

(दृश्य : चार खेळाडू पिशव्या खांद्यावर टाकून चाललेत. एक जण हातवारे करत काहीतरी सांगतोय, बाकीचे थांबलेत.)

गोल्फ आला स्कॉटलंडहून. लाहिंचच्या क्लबाची सुरुवातही ‘ब्लॅक वॉच’ या स्कॉटिश पलटणीच्या अधिकाऱ्यांनी केली. ज्या वाळूत धड बटाटा पिकत नाही, ती या खेळाला फार मानवते. पण आयरिश लोकांनी यात आपली भर घातली, ती गप्पांची. साधा हिशेब करून बघा. अठरा होल, म्हणजे चेंडू भोकात घालायचे अठरा टप्पे, खेळायला चार तास लागतात. बऱ्यापैकी खेळणारा ऐंशी-नव्वद फटके मारतो, एका फटक्याला दोन सेकंद. म्हणजे खरा खेळ तीन मिनिटांचा. उरलेला वेळ चालायचं, गवतात चेंडू शोधायचा आणि बोलायचं. बोलायची आवड असलेल्या माणसाला यापेक्षा सोयीचा खेळ कुठला मिळणार?

आणि ही आवड आजकालची नाही.

(दृश्य : केरी परगणा. बोलस हेडचा कडा, दगडी घरांचे अवशेष, खाली बॅलिन्स्केलिग्जचा उपसागर.)

लाहिंचहून दक्षिणेला केरी परगणा. तिथल्या एका कड्यावर किलरिअलिग नावाची वस्ती होती. शॉन ओ कॉनल तिथलाच. शेती करायचा, मासे धरायचा. शाळेची पायरी कधी चढला नाही, इंग्रजी येत नव्हतं. आपला मुलूख सोडून तो एकदाच बाहेर पडला, किलॉर्ग्लिनच्या जत्रेला. जाताना आगगाडीनं गेला आणि परत आला तो पायी.

हा माणूस ‘शॅनखी’ होता. आयरिश भाषेत जुन्या गोष्टी जपणाऱ्याला, सांगणाऱ्याला शॅनखी म्हणतात. गोष्टींचा हंगाम हिवाळ्याचा, वेळ रात्रीची, जागा शेकोटीभोवतीची. दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा जळत असायच्या आणि भोवती अख्खी वस्ती जमायची.

१९२३ साली शेमस डेलार्गी नावाचा तरुण अभ्यासक त्याच्याकडे पोचला. पुढे आयरिश लोककथा आयोगाची धुरा सांभाळली ती यानंच. त्यानं शॉनच्या गोष्टी उतरवून घेतल्या, आणि त्यासोबत एक हकिगतही लिहून ठेवली. तोवर गोष्ट ऐकणारे कमी होत चालले होते. आपण विसरून जाऊ, अशी शॉनला धास्ती. म्हणून गुरं चारताना तो समोरच्या दगडी भिंतीला गोष्ट सांगायचा, हातवाऱ्यांसकट, आवाजाच्या चढउतारांसकट. बाजारातून परतताना चढावर घोडी हळू चालायची. तेव्हा हा मागून चालत गाडीच्या पाठीला गोष्ट ऐकवायचा.

भिंतीला गोष्ट सांगणारा माणूस! हसू येतं, आणि पुढच्याच क्षणी येईनासं होतं.

(दृश्य : उपसागरापलीकडे वॉटरव्हिल. हिरवळीचा पट्टा, मधोमध गवतानं भरलेली खोलगट जागा.)

शॉनच्या कड्यावरून उपसागरापलीकडे पाहिलं की वॉटरव्हिल गाव लागतं. समुद्राखालून अमेरिकेला जाणाऱ्या तारेचं ठाणं इथं होतं, आणि त्या ठाण्यावरचे कर्मचारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथं गोल्फ खेळत. पुढे जॉन मुलकाही या आयरिश-अमेरिकन धनिकानं मोठं मैदान करायचं ठरवलं. आखणी एडी हॅकेट यांची. १९७३ साली मैदान खुलं झालं.

या मैदानाच्या बाराव्या होलचं नाव आहे ‘मास होल’. मास म्हणजे कॅथलिकांची प्रार्थना. इंग्रजी अमलात एक काळ असा होता की कॅथलिकांना उघडपणे मास करायची सोय नव्हती. मग पाद्री आणि गावकरी लपूनछपून अशा खोलगट जागांत जमायचे. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसायचं नाही.

मैदानाचं काम सुरू झालं तेव्हा स्थानिक मजुरांनी त्या खळग्यात फावडं मारायला साफ नकार दिला. कायदा नव्हता, पाटी नव्हती, सरकारी आदेशही नव्हता. होती ती फक्त आज्या-पणज्यांकडून ऐकलेली गोष्ट. पैसा एका बाजूला, गोष्ट एका बाजूला, आणि वरचढ ठरली गोष्ट. खळगा तसाच राहिला. आज खेळाडू एका उंचवट्यावरून दुसऱ्या उंचवट्यावरच्या ग्रीनकडे, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीकडे, फटका मारतो आणि चेंडू त्या जुन्या प्रार्थनेच्या जागेवरून उडत जातो. फटका कमी पडला तर मात्र खळग्यात उतरावंच लागतं.

याच वॉटरव्हिलमध्ये अमेरिकन गोल्फपटू पेन स्टुअर्ट १९९९च्या उन्हाळ्यात येऊन राहिला होता. नुकतीच यूएस ओपन जिंकलेली. पण गावाच्या लक्षात राहिला तो पबमध्ये माउथऑर्गन वाजवत गाणारा पेन. क्लबानं त्याला पुढच्या वर्षासाठी मानद कर्णधार केलं. ऑक्टोबरमध्ये विमान दुर्घटनेत तो गेला. आता मैदानावर त्याचा पुतळा उभा आहे.

(दृश्य : १९८२. डब्लिनचं क्रोक पार्क, खच्चून भरलेलं.)

वॉटरव्हिलचाच आणखी एक माणूस. मिक ओड्वायर, केरीच्या गेलिक फुटबॉल (आयर्लंडचा स्वतःचा फुटबॉल) संघाचा तेव्हाचा व्यवस्थापक. १९८२ साली केरी सलग पाचव्यांदा देशाचं अजिंक्यपद जिंकायला निघाली होती. ‘सलग पाच’चे टी-शर्टसुद्धा छापून तयार! शेवटच्या काही मिनिटांत ऑफली परगण्याच्या शेमस डार्बीनं गोल केला आणि केरी एका गुणानं हरली. टी-शर्टांचं काय झालं, हा प्रश्न केरीत जपून विचारावा.

ऑफलीच्या त्या संघात लाउरी आडनावाचे तीन सख्खे भाऊ होते. त्यातल्या ब्रेंडनचा मुलगा शेन. गोल्फ खेळू लागला. २००९ साली, बावीस वर्षांचा असताना, त्यानं बाल्ट्रेच्या मैदानावर भर पावसात आयरिश ओपन जिंकली. पण हौशी खेळाडू म्हणून! नियमाप्रमाणे हौशी खेळाडूला बक्षिसाची रक्कम मिळत नाही. पाच लाख युरोंचा धनादेश गेला दुसऱ्या आलेल्या रॉबर्ट रॉककडे. चषक एकाच्या हातात, पैसा दुसऱ्याच्या खिशात. आयर्लंडला असा किस्सा मिळाल्यावर तो काय एकदाच सांगितला जाणार?

दहा वर्षांनी, २०१९ला, पोर्टरशला शेननं ब्रिटिश ओपन सहा फटक्यांच्या फरकानं जिंकली. पोर्टरश उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे सीमेपलीकडे, ब्रिटनच्या अमलाखाली. पण गोल्फची संघटना १८९१ पासून अख्ख्या बेटाची एकच. देशाची फाळणी झाली, तिची झाली नाही. त्या दिवशी पावसात गर्दीनं गायलेलं गाणं सीमेच्या दोन्ही बाजूंचं होतं.

(दृश्य : पुन्हा लाहिंच. दोन उंच टेकड्या, समोरच्या टेकडीवर एक पांढरा दगड.)

लाहिंचला परत येऊ. पाचवा होल, नाव ‘डेल’. अंतर दीडशे यार्डांच्या आसपास, पण ग्रीन दोन टेकड्यांच्या मधे दडलेलं. झेंडा दिसत नाही, भोक दिसत नाही. दिसतो फक्त टेकडीवरचा पांढरा दगड. भोक ज्या रेषेत असेल त्या रेषेत तो दगड सरकवून ठेवतात. दगडाकडे बघायचं, फटका मारायचा आणि चालत जाऊन काय झालं ते बघायचं.

जुन्या काळी म्हणे टेकडीमागे पोरं लपून बसायची. परगावचा एखादा श्रीमंत खेळाडू दिसला की त्याचा चेंडू उचलून हळूच भोकात टाकायची. पाहुणा टेकडीला वळसा घालून येतो, चेंडू शोधतो, सापडत नाही. शेवटी भोकात डोकावतो. एका फटक्यात होल! आनंदानं वेडा होतो, कॅडीला, म्हणजे पिशवी वाहणाऱ्या सोबत्याला, घसघशीत बक्षिसी देतो, सगळ्या पबला पाजतो.

पोरांचा वाटा संध्याकाळी, कॅडीकडून.