अनुमापनात संहती काढताना आधी मोल मोजा

नमस्कार. ऑक्झॅलिक आम्लाच्या साहाय्याने पोटॅशिअम परमँगनेटची मोलारता (एका लिटर द्रावणात किती मोल, ही संहती) काढणे, हे बारावीच्या प्रात्यक्षिकातील नेहमीचे अनुमापन आहे, म्हणजे अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत एक द्रावण दुसऱ्यात मोजून सोडणे. यात ब्युरेटचे (खुणा व तोटी असलेल्या काचनळीचे) वाचन अचूक घेऊनही अनेकांचे उत्तर चुकते, कारण पाठ असलेले ‘एम-एक व्ही-एक बरोबर एम-दोन व्ही-दोन’ (एम म्हणजे मोलारता, व्ही म्हणजे आकारमान) हे सूत्र जसेच्या तसे वापरले जाते. हे सूत्र विरलीकरणासाठी, किंवा दोन पदार्थ एकास एक या प्रमाणात अभिक्रिया करतात तेव्हाच, चालते.

इथे आम्लधर्मी माध्यमात परमँगनेटचा एक आयन पाच इलेक्ट्रॉन घेतो आणि ऑक्झॅलिक आम्लाचा एक रेणू दोनच देतो. म्हणून परमँगनेटच्या २ मोलना ऑक्झॅलिक आम्लाचे ५ मोल लागतात.

आता आकडे घेऊ. स्फटिकी ऑक्झॅलिक आम्लाचे मोलर वस्तुमान, त्यातील पाण्याचे दोन रेणू धरून, १२६ आहे; तेव्हा ३.१५ ग्रॅम आम्लाचे २५० मिलिलिटर द्रावण केले की ते ०.१ मोलर होते. त्यातील १० मिलिलिटर पिपेटने शंकुपात्रात घेतले, म्हणजे ०.००१ मोल आम्ल आले. त्याला दोन पंचमांश, म्हणजे ०.०००४ मोल परमँगनेट लागेल. समजा, ब्युरेटमधून १९.६ मिलिलिटर खर्च झाले. ०.०००४ ला ०.०१९६ लिटरने भागल्यावर मोलारता ०.०२०४ येते. प्रमाण न पाहता सूत्र वापरले असते, तर ०.०५१ आले असते, म्हणजे थेट अडीचपट.

मोल मोजण्याची सवय लागली की आणखी एक शंका आपोआप मिटते. शंकुपात्र ऊर्ध्वपातित पाण्याने धुतल्यावर ओले राहिले तरी बिघडत नाही, कारण आम्लाचे मोल तेवढेच राहतात. मात्र ब्युरेटमध्ये पाणी राहिले तर परमँगनेटच विरल होते, म्हणून ती त्याच द्रावणाने विसळावी.

माध्यम आम्लधर्मी करण्यासाठी विरल सल्फ्युरिक आम्लच घ्या. हायड्रोक्लोरिक आम्लातील क्लोराइडवरही परमँगनेट खर्च होते. मिश्रण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. पहिल्या थेंबांचा रंग सावकाश जातो, पण तयार होणारे मँगनीज आयन स्वतःच उत्प्रेरक ठरल्याने पुढे वेग वाढतो. हलवल्यानंतरही फिकट गुलाबी छटा टिकली की थांबा. ब्युरेटमधील द्रावण गडद असल्याने सुरुवातीचे आणि शेवटचे, दोन्ही वाचने द्रावणाच्या वरच्या कडेवरून घ्या.