जर्मनीचे पहिले पंधरा दिवस, तयारी नागपुरात

(दृश्य: धरमपेठेतली खोली. जमिनीवर उघड्या बॅगा, वजनकाटा, तुपाची बरणी.)

तुपाची बरणी पुन्हा बाहेर निघाली. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपियन संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ता आणि संत्रीही नाहीत, कारण त्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सावजी मसाला चालतो. कुकर चालतो, सोबत एक जादा रिंग ठेवायची.

बॅग तपासणारी ताई जर्मनीत मास्टर्स करून परतली आहे. तिच्यासारखे परतलेले आणि अजून तिथेच शिकणारे नागपूरकर मिळून तिथे शिकायला निघालेल्या नव्या मुलांचे मेंटॉर होतात. कुणी पैसे घेत नाही.

(दृश्य: लॅपटॉप, अपॉइंटमेंटचं पान.)

"ताई, अपॉइंटमेंट भेटतच नाही."

ही आनमेल्डुंगची, म्हणजे पत्ता नोंदवण्याची अपॉइंटमेंट. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते आणि मोठ्या शहरांत वेळा आठवडे-आठवडे भरलेल्या असतात. म्हणून ती नागपुरातूनच शोधायची. कुणी रद्द केलेल्या वेळा अनेकदा सकाळी आठच्या सुमारास साइटवर येतात. तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात. फॉर्म मुलगा स्वतः भरतो, ताई फक्त बघते. तिने भरून दिला, तर पुढचा फॉर्म त्याला भरता येणार नाही.

नोंदणीला नुसता भाडेकरार पुरत नाही. अमुक तारखेला हा माणूस इथे राहायला आला, असा घरमालकाच्या सहीचा वेगळा दाखला लागतो. तो द्यायला मालक तयार नसेल, तर खोली कितीही स्वस्त असली तरी घ्यायची नाही, यावर सगळे मेंटॉर ठाम आहेत. नोंदणी अडली की टॅक्स नंबर अडतो, निवास परवान्याचं कामही अडतं.

(दृश्य: व्हिडिओ कॉल. पलीकडे इमारतीखालच्या टपालपेट्या.)

ही पेटी नीट बघा. तिच्यावर नाव नसेल, तर पोस्टमन पत्र परत नेतो. टॅक्स नंबर, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, सगळं टपालानेच येतं. आपल्या पासपोर्टावर नावापुढे वडिलांचंही नाव असतं, पण पेटीवर आडनाव हवंच. रूममेटने प्रेमाने नुसतं 'सौरभ' लिहिलं, तर बँकेचं पत्र पोचत नाही.

पैशांचं गणितही इथेच मांडलं जातं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो असतात, त्यातले महिन्याला ९९२ सुटतात. पण ते खातं तिथे पोचल्यावर चालू करावं लागतं आणि त्यात दिवस जातात. घराची अनामत मात्र लगेच मागतात. कायद्याने ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असते आणि तीन मासिक हप्त्यांत देता येते. हा हक्क माहीत नसलेली मुलं सगळी रक्कम एकदम देतात आणि दुसऱ्या आठवड्यात घरी फोन करतात. म्हणून परकीय चलन भरलेल्या फॉरेक्स कार्डावर दोन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवायचा.

(दृश्य: सोनेगाव विमानतळ. निवेदन नाही.)

(दृश्य: रात्रीचा कॉल, नागपूर नऊ, जर्मनी साडेचार.)

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि अंतर साडेतीनवरून साडेचार तासांवर येतं. कॉलची वेळ मेंटॉर बदलतो, कॉल बंद करत नाही. सत्र संपेपर्यंत तो सोबत असतो.

आता विषय परीक्षेचा. तिथे १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. वर्गात नाव असलं म्हणजे परीक्षेला नाव असतंच असं नाही. त्याची नोंदणी पोर्टलवर वेगळी करावी लागते, तिची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते आणि कॉलेजचे बाबू आठवण करून देत नाहीत. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीन संधी असतात. तिसऱ्या संधीतही नापास झालं की प्रवेश रद्द होतो. म्हणून मेंटॉर "केली का?" विचारून थांबत नाही. नोंदणी झाल्याचं पान स्क्रीनवर उघडायला लावतो आणि एकेक विषय वाचून घेतो.