लोणकढीचा डाव

(मंडळाच्या हिवाळी मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित करून)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला 'परदेशात मराठी कशी टिकवावी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. या विषयावर दर मेळाव्यात कोणीतरी बोलतं, आणि ते भाषण चालू असताना मुलं बाहेर पार्किंगमध्ये एकमेकांना बर्फाचे गोळे मारत असतात. म्हणून मी आज थापा मारण्यावर बोलणार आहे. अध्यक्षांना विचारून घेतलंय. मुलांना आत बोलवा.

खेळ असा आहे. एकजण शब्दकोश घेऊन बसतो. त्याला आपण कोशवाला म्हणू. तो असा एक शब्द शोधतो, जो खोलीतल्या कोणालाच माहीत नसेल. शब्द मोठ्याने सांगतो, अर्थ सांगत नाही. बाकीच्यांनी आपापल्या चिठ्ठीवर त्या शब्दाचा अर्थ लिहायचा, अर्थात मनाने रचून. कोशवाला खरा अर्थ तशाच चिठ्ठीवर उतरवतो, सगळ्या चिठ्ठ्या पिसतो आणि एकेक वाचून दाखवतो. मग प्रत्येकाने खरा अर्थ कोणता ते सांगायचं. बरोबर ओळखलात तर दोन गुण. तुमच्या थापेला जितके फसले तितके गुण तुमचे. आणि कोणालाच खरा अर्थ ओळखता आला नाही, तर तीन गुण कोशवाल्याला. झाले नियम.

इंग्रजीत हा जुना घरगुती खेळ. बीबीसीने १९६५ पासून 'कॉल माय ब्लफ' या नावाने त्याचाच एक प्रकार वर्षानुवर्षं दाखवला. त्यात एका शब्दाचे तीन अर्थ तिघेजण सांगायचे, त्यातला एकच खरा. पण हा खेळ पेटीत घालून विकायचं डोकं चाललं ते आपल्या टोरांटोत. लॉरा रॉबिन्सन आणि पॉल टॉइन यांनी १९८४ साली 'बॉल्डरडॅश' काढला. 'ट्रिव्हियल पर्सूट'सुद्धा कॅनडाचाच, माँट्रियलमध्ये सुचलेला. पाच महिने दार उघडायची सोय नसली की माणसं काय काय शोधून काढतात!

आम्ही काही घरं मिळून हाच डाव मराठीत खेळतो. नाव ठेवलंय 'लोणकढी'. थापेला हे विशेषण आपल्याकडे आयतंच होतं.

एक नमुना सांगतो. शब्द आला 'निळवे'. चिठ्ठ्या वाचल्या गेल्या: निळीत बुडवून काढलेलं धोतर, कैरीवर पडणारा निळसर डाग, पाऊस थांबल्यावर ढगांमध्ये दिसणारा आभाळाचा तुकडा. ही तिसरी थाप इतकी देखणी होती की निम्म्या लोकांनी तिलाच मत दिलं. आणखी एक चिठ्ठी होती: 'धान्य मोजण्याचे एक माप, शेराचा सोळावा भाग.' तिच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही, कारण तिच्यात निळं काहीच नव्हतं. खरा अर्थ तोच.

उत्तर फुटलं आणि सोफ्यावरच्या आजींनी एका दमात सगळं कोष्टक म्हणून टाकलं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. "आजी, तुम्हाला शब्द येत होता तर आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणाल्या, "नुसतं निळवं कुठे आठवतंय? खालून वर म्हणत गेलं की येतं." मग एका मुलीने फोनवर हिशोब केला: एका मणात निळवी किती? १०२४. हा आकडा ऐकला आणि खोलीतली संगणकवाली जमात ताडकन उठून बसली. आपले पणजोबा दुप्पट-दुप्पट करत ज्वारी मोजत होते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. नंतर डाव तासभर पुढे सरकला नाही. सरकायची गरजही नव्हती.

आता थाप कशी रचावी, याबद्दल दोन शब्द. विनोदी लोक या खेळात सपशेल हरतात. त्यांच्या चिठ्ठीला हशा मिळतो, मत मिळत नाही. जिंकतो तो रुक्ष लिहिणारा. आमच्यातला सगळ्यात पट्टीचा थापाड्या एक दंतवैद्य आहे. तो दर वेळी 'एक प्रकारचे गवत', 'एक प्रकारचा मासा' एवढंच लिहितो आणि गुण वसूल करून नेतो. कारण शब्दकोश खरोखरच तसा बोलतो. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश उघडून बघा, १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड आणि १९५० ची पुरवणी. अर्थाच्या आधी कंसात कों., गो., व. अशा खुणा असतात. शब्द कोकणातला, गोव्यातला की वऱ्हाडातला ते सांगणाऱ्या. राजा. अशीही खूण आहे. तिचा राजाशी संबंध नाही, ती राजापूरची. हे ज्याला कळलं, तो आपल्या थापेमागे 'राजा.' असं लिहून मोकळा होतो आणि पुण्याची माणसं मुकाट्याने विश्वास ठेवतात. थापेला पत्ता असला की ती खरी वाटते.

पण मी हा विषय घेऊन उभा आहे तो मुलांसाठी. इथे वाढलेल्या मुलाला मराठीच्या बाबतीत सतत परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. तोंड उघडलं की आत्या हसते, काका सुधारतात, आणि भारतातून आलेला पाहुणा कौतुकाने म्हणतो, "अरे वा, बोलतो की मराठी!" हे कौतुक मुलांना सर्वांत जास्त झोंबतं. लोणकढीत शब्द कोणालाच येत नाही. आजोबांनाही नाही आणि नातवालाही नाही. दोघांचं अज्ञान सारखं, आणि खोटं बोलायची परवानगीही सारखी.

खरी गंमत त्यापुढे आहे. चिठ्ठीवर नाव नसतं. आणि मुलाला मतं हवी असतील तर त्याची चिठ्ठी मुलाची वाटता कामा नये! मग तो आपणहून विचार करायला लागतो. एका मुलाने पहिल्यांदा लिहिलं होतं, 'जुना भांडी जो पाणीसाठी आहे.' सगळ्यांनी लगेच ओळखलं, एकही मत नाही. कोणी एका शब्दाने सुधारलं नाही, कारण डावात सुधारणं बसतच नाही. पुढच्या खेपेला तो स्वयंपाकघरात जाऊन आईला हळूच विचारत होता, "भांडं तो, ती की ते?" मराठीच्या शाळेत लिंगाचे तक्ते पाठ करून जे झालं नाही, ते दोन गुणांच्या लोभाने झालं. अनोळखी शब्द मिळाला की त्याचं लिंग स्वतःच ठरवावं लागतं, मग ते वाक्यभर सांभाळावं लागतं, विशेषणाला आणि क्रियापदाला लावावं लागतं. तिथे पाय घसरला की थाप उघडी. दिवाळीनंतरच्या डावात त्याच मुलाने लिहिलं, 'लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाने धरावयाची काठी.' 'धरावयाची'! आणि एका निवृत्त शिक्षिकेने, मराठीच्याच, त्याला मत दिलं. त्या पोराचा चेहरा बघायला हवा होतात.

ज्यांना देवनागरी लिहिता येत नाही, त्यांनी कोशवाल्याच्या कानात सांगावं, तो लिहून घेईल. कोणाची चिठ्ठी कोणती हे त्याला तसंही कळतंच. मात्र कोशवाला नीट वाचणारा हवा. सगळ्या चिठ्ठ्या त्याने आधी एकदा मनात वाचून घ्यायच्या. वाचताना जिथे तो अडखळतो ती थाप, आणि जी सफाईने वाचतो ती त्याच्या स्वतःच्या अक्षरातली, म्हणजे खरी. हे चाणाक्ष लोक दुसऱ्या फेरीतच हेरतात.

शब्द निवडण्यात सगळं कौशल्य आहे, आणि इथे आपलं मंडळ मोठं अडचणीचं. एकाचा अडलेला शब्द दुसऱ्याच्या रोजच्या जेवणातला असतो. आम्ही एकदा मुद्दाम 'सांबार' दिला. पुण्या-मुंबईकडच्यांना वाटलं कोशवाल्याचं डोकं फिरलंय. नागपूरची दोन कुटुंबं मात्र गालातल्या गालात हसत बसली. त्यांच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. 'भेद्रं'चं तेच. वऱ्हाडात ते टोमॅटो, आणि इतरांनी त्याच्यावर घाबरटपणापासून गुरांच्या रोगापर्यंत अर्थ लिहिले. तेव्हा नियम असा केला की ज्याला शब्द येतो त्याने कोशवाल्याला डोळ्याने खुणावून त्या फेरीत गप्प बसायचं. बेळगाव, बडोदा, इंदूर, गोवा अशी माणसं एका टेबलाशी असली की दर फेरीत कोणीतरी गप्प बसलेलं असतं. ते गप्प बसणं फार अभिमानाचं असतं बरं का. नंतर तो माणूस दहा मिनिटं बोलतो.

माझ्या आवडीचे शब्द वेगळे. जे आपण रोज वापरतो पण एकटे कधी पाहिलेले नसतात, ते. वर्तमानपत्रात माणूस 'रक्ताच्या थारोळ्यात' पडलेला असतो. थारोळं म्हणजे काय? विहिरीवर मोटेचं पाणी ज्यात ओततात ते कुंड. मोट गेली, थारोळं फक्त गुन्हेवार्तेत उरलं. शिकवणी वर्गांचं 'पेव' फुटतं. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार. आणि 'औट घटकेचं राज्य'. हा शब्द दिला तेव्हा इथल्या पिढीने एकमुखाने क्रिकेट लिहिलं. फलंदाज बाद झाला, राज्य गेलं, औट! मोठ्यांपैकीही काहीजण मान डोलावत होते. औट म्हणजे साडेतीन. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, दिडकीबरोबर औटकीही पाठ करून घेत, ती साडेतीनची. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे हे राज्य चौऱ्याऐंशी मिनिटं टिकतं. आपल्या मागच्या कार्यकारिणीपेक्षा थोडं कमी. (अध्यक्ष हसताहेत, ठीक आहे.)

आडनावांची एक फेरीही करून बघा. सबनीस, पोतनीस, पारसनीस, डबीर ही माणसं आपल्यात बसलेली आहेत आणि त्यांची मुलं आपल्याच नावाचा अर्थ चुकीचा लिहितात. पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा. मुलाने लिहिलं होतं, 'पारशी लोकांचा शेजारी'. फार चूक आहे असंही नाही.

कोणी म्हणेल, भाषेच्या नावाखाली पोरांना खोटं शिकवताय. त्यांनी कोशकारांकडे बघावं. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीच्या २००१ च्या आवृत्तीत संपादकांनी 'एस्क्विव्हॅलियन्स' हा बनावट शब्द जाणूनबुजून घातला. दुसऱ्या कोणी कोश चोरला तर हा शब्दही त्याच्यासोबत जाईल आणि चोर सापडेल, असा बेत. त्याचा दिलेला अर्थ काय, तर आपली ठरलेली कामं मुद्दाम टाळणं! २००५ मध्ये ही लबाडी उघड झाली. वेबस्टरच्या १९३४ च्या कोशात तर ठरवून काही केलंच नव्हतं. घनतेसाठी 'डी' हे अक्षर मोठं किंवा छोटं कसंही लिहितात, एवढंच सांगणारं एक कार्ड, 'डी ऑर डी' असं, चुकून शब्दांच्या गठ्ठ्यात गेलं. त्याचा 'डॉर्ड' झाला आणि घनता असा अर्थ घेऊन छापून आला. १९३९ पर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. लोणकढीत असा एखादा शब्द पडला तर खरा अर्थ आणि थाप यांत निवड कशी करणार, यावर आमच्याकडे एकदा रात्री बारापर्यंत वाद झाला होता.

शब्द आणायचे कुठून? पैसे खर्चू नका. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही फुकट आहेत. मोल्सवर्थ साहेब कंपनीच्या फौजेत आले आणि कोशात अडकले. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची, तिच्यात साठ हजारांच्या आसपास शब्द. लोक त्यांना मोलेसरशास्त्री म्हणत. त्यांचा कोश कुठल्याही पानावर उघडा, दोन-तीन शब्द तरी तुम्हाला गप्प करतील. मुलांसाठी मोल्सवर्थ सोयीचा, अर्थ इंग्रजीत आहेत. फक्त खरा अर्थ मराठीत उतरवताना कोशवाल्याला घाम फुटतो, आणि तो फुटू द्यावा.

आता चहा. प्रत्येक टेबलावर चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवल्या आहेत, शेजारी फोनसाठी एक टोपली आहे, फोन तिच्यात टाका. पहिला डाव बीबीसीच्या पद्धतीने, म्हणजे थापा मीच आणल्यात. शब्द आहे 'शिवळ'. एक: (कों.) भाताच्या उडवीवर पावसाआधी घालतात तो पेंढ्यांचा शेवटचा थर. दोन: जुवाच्या टोकाशी बसवलेली खुंटी, बैलाची मान बाहेर सरकू नये म्हणून. तीन: (राजा.) गावाची शीव ओलांडताना पालखीतल्या देवावर धरतात ते वस्त्र.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी मला डोळ्याने खुणवा आणि भजी संपेपर्यंत गप्प बसा.