शिकवणाऱ्या पियानोवादकाचा कान

मित्रहो, एखादा पियानोवादक शिकवायला लागला की लोक सहज म्हणून जातात, ‘आता कार्यक्रम कमी झाले वाटतं.’ वाजवणं ओसरलं म्हणून शिकवणं आलं, असा त्यांचा समज. मला तो मुळीच मान्य नाही. शिकवतानाही वादकाची कला वाढत असते, आणि ती वाढते कानातून.

आधी या वाद्याकडे बघा. पट्टी दाबली की आतली नमद्याची हातोडी तारेवर बसते आणि लगेच मागे फिरते. त्यानंतर त्या स्वराचं फारसं काही करता येत नाही. गायक लावलेला स्वर फुलवतो, व्हायोलिनवादक गजाने तो वाढवतो. पियानोचा स्वर मात्र उमटल्या क्षणापासून विरत जातो. तरीही मोठे वादक त्यातून सलग, गाणारी ओळ काढतात. आधीचा स्वर कुठवर विरलाय हे ऐकून पुढचा किती वजनाने लावायचा ते ठरवतात. पण स्वतः वाजवताना हात इतके गुंतलेले असतात, की आपण पुष्कळदा आपल्या मनातलंच ऐकतो. शेजारी विद्यार्थी वाजवत असला की खोलीत प्रत्यक्ष काय वाजतंय ते ऐकू येतं. ही सवय मग स्वतःच्या सरावातही उतरते.

अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. त्यांचे गुरू आर्टुर श्नाबेल, श्नाबेलचे लेशेटिट्स्की, त्यांचे चेर्नी आणि चेर्नीचे खुद्द बेथोवन. ऐन तिशीत, १९६०च्या दशकाच्या मध्यात, फ्लायशर यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप आत वळू लागली. या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. दोन्ही हातांचे कार्यक्रम थांबले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानोवादक पाउल विटगेनश्टाइनसाठी फ्रेंच संगीतकार राव्हेल यांनी फक्त डाव्या हाताचा कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना, लिहिला होता. तो फ्लायशर वाजवू लागले, वाद्यवृंदाचं संचालन करू लागले. बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत ते आधीपासून शिकवत होतेच. पण आता विद्यार्थ्याला बाजूला सारून ‘हे असं’ म्हणत वाजवून दाखवणं शक्य नव्हतं. जे हवंय ते शब्दांत सांगावं लागलं, आणि शब्दांत सांगायचं तर आधी स्वतःला नेमकं कळावं लागतं. पुढे उपचारांनी हात बराच सुधारला आणि २००४ साली दोन्ही हातांनी वाजवलेलं त्यांचं ध्वनिमुद्रण आलं. मधली जवळजवळ चार दशकं वाया गेली, असं म्हणायला मी तयार नाही.

जर्मन पियानोवादक क्लारा शूमान १८७८पासून फ्रँकफुर्टला शिकवत होत्या आणि १८९१पर्यंत जाहीर मैफलीही करत होत्या. पियानोवादक मियेचिस्लाव होर्शॉव्हस्की नव्व्याण्णवाव्या वर्षी मंचावर होते, शिकवणंही चालू होतं.

मात्र एक धोका आहे, तो सांगायलाच हवा. शिक्षकाने नव्या रचना हाती घेणं सोडलं, की तो आपल्या तरुणपणीच्या वाजवण्याची आठवण शिकवायला लागतो आणि विद्यार्थी त्या आठवणीची नक्कल होतात. म्हणून त्याचा स्वतःचा सराव सुटता कामा नये.

बेथोवनच्या ‘हामरक्लाव्हियर’ या पियानो-सोनाटाची, म्हणजे एकट्या पियानोसाठीच्या मोठ्या रचनेची, सुरुवात घ्या. डाव्या हाताने खालच्या एका स्वरावरून वरच्या स्वरसमूहावर झेप घ्यायची असते, तीही वेगात. चुकण्याची भीती मोठी, म्हणून बरेच जण ती दोन हातांत वाटून घेतात. तेच स्वर, पण धोका संपतो आणि त्या धोक्यातला ताणही जातो. माझ्या मते ती एकाच हाताने घ्यावी. लहान पंजाचा विद्यार्थी विचारतो, ‘वाटून घेतलं तर कुणाला कळणार आहे?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचं तर शिक्षकाला पियानोवर बसून दोन्ही प्रकारे पुन्हा पुन्हा वाजवावं लागतं, फरक खरंच ऐकू येतो का ते तपासावं लागतं, आणि येत नसेल तर आपलं मत बदलावं लागतं.