दोन आठवडे बाहेर न आलेला डबा

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी आपल्या मराठी शाळेत ‘शेजारी’ या शब्दावर वाक्य करायला सांगितलं होतं. सात वर्षांच्या एका मुलीनं लिहिलं, “आमच्या शेजारच्या आजींचा कचऱ्याचा डबा दोन आठवडे बाहेर आला नाही.” बाईंनी ‘बरोबर’ची खूण केली. तिनं विचारलं, “मग आजी कुठे आहेत?” वर्गात उभ्या असलेल्या एकाही मोठ्या माणसाला सांगता आलं नाही.

नाताळच्या मेळाव्यात ख्रिस्ताच्या प्रीतीवर बोला, असं मला सांगितलं होतं. कचरागाडीसाठी घराबाहेर ठेवायच्या त्या डब्यावर बोलल्याशिवाय मला ते जमणार नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो, “माझा शेजारी कोण?” येशू व्याख्या सांगत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला निघालेला माणूस लुटारूंनी अर्धमेला करून टाकलाय. याजक बघतो आणि पलीकडच्या बाजूनं निघून जातो. लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, तोही तसाच जातो. थांबतो तो शोमरोनी, ज्याच्या लोकांशी यहुद्यांचा व्यवहारच नव्हता. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. वर सांगतो, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन.

हे ‘परत येईन’ आपल्याकडून सुटतं.

आपल्यात कुणाचं ऑपरेशन झालं, कुणी गेलं, की पहिल्या आठवड्यात त्या घरच्या फ्रिजमध्ये जागा उरत नाही. एकाच संध्याकाळी पाच डबे, त्यातल्या तिनांत छोले. तिसऱ्या आठवड्यात भारतातून आलेली माणसं परततात, घर खरं रिकामं होतं, आणि तेव्हा आपण कुणीच नसतो. म्हणून डब्यांचं वेळापत्रक एकानंच धरावं, एक दिवसाआड एकाच घरातून डबा जावा, निदान सहा आठवडे. आणि “काही लागलं तर सांगा” म्हणू नका. दुखणाईत माणूस कधी सांगत नाही. “गुरुवारी साडेसहाला खिचडी आणू का? दारात ठेवून जाईन,” असं विचारा. त्याला नुसतं हो किंवा नको म्हणायचं उरतं.

खिचडी चौघांना पुरावी तर एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ आणि सहा वाट्या पाणी. गार झाली की आळते, म्हणून सैलच करा. लगेच न्यायची नसेल तर पसरट डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये घाला. शिजलेला भात बाहेर राहिला की त्यात जे जिवाणू वाढतात, त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. डबा परत मागायची वेळ येणार नाही असाच द्या. झाकणावर कागद चिकटवून आत काय काय आहे ते लिहा. दाण्याचं कूट तर लिहाच, पण हिंगही लिहा. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, आणि गहू न चालणाऱ्या माणसाला तेवढंही बाधतं. डब्यासोबत प्रार्थनेचं पत्रक मात्र ठेवू नका. घेणाऱ्याला ते बिलासारखं वाटतं.

आणखी एक सांगते, रागावू नका. आपला डबा आपल्याच घरांतून फिरतो. वाटी रिकामी परत करायची नाही हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक, पण भिंतीपलीकडच्या गोऱ्या आजींच्या घरी ती वाटी कधी गेलीच नाही. १८९६–९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि नात्यागोत्याच्या नसलेल्या मुलींना केडगावला घेऊन आल्या. अन्न दिलंच, पुढे विणकाम आणि छपाईही शिकवली. आपल्याला तर कुंपण ओलांडायचंय. बर्फ पडला की आजींच्या दारापासून पत्रपेटीपर्यंत वॉकर जाईल एवढी वाट काढायची. फार कडाक्याची थंडी असेल तर मीठ काम करत नाही, वाळू टाकायची.

या आठवड्यात त्या मुलीच्या आईनं आजींची बेल दोनदा वाजवली. दार उघडलं नाही. असं झालं तर समोरच्या घरी विचारा, पत्रं साठली आहेत का पाहा, आणि काहीच कळलं नाही तर पोलिसांच्या तातडीच्या नव्हे, साध्या क्रमांकावर फोन करून घरी चौकशी करायला सांगा. समोरच्यांनी सांगितलं, एका रात्री रुग्णवाहिका आली होती. मुलीच्या आईनं दोन रुग्णालयांत फोन केले. तिथे विचारलं, “पेशंटचं आडनाव?”

आठ वर्षांचा शेजार, आणि आडनाव कुणालाच माहीत नाही.