टाकीतलं मिसळणं आणि पडद्यावरचं मिसळणं

(छत्रपती संभाजीनगरात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि वाळूज-चिकलठाण्याचे कारखानदार यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आजचा विषय आहे कारखान्याच्या टाकीतलं द्रवाचं मिसळणं संगणकावर करून बघणं, म्हणजे सिम्युलेशन. आज मी मुद्दामच एकही रंगीत चित्र आणलेलं नाही. पडद्यावर लाल-निळं चित्र दिसलं की माणूस प्रश्न विचारायचं विसरतो, आणि मला आज प्रश्नच हवे आहेत.

सुरुवात ताकापासून करू. रवी दोरीने एकदा इकडे फिरते, एकदा तिकडे. त्यामुळे डेऱ्यातलं ताक एकाच दिशेने गोल फिरत बसत नाही. कारखान्यातला इम्पेलर, म्हणजे टाकीतला ढवळणारा पंखा, मात्र एकाच दिशेने फिरतो. म्हणून टाकीच्या भिंतीला बॅफल लावतात, सहसा चार उभ्या पट्ट्या, रुंदीला टाकीच्या व्यासाचा दहावा-बारावा हिस्सा. पाण्यासारख्या पातळ द्रवात बॅफल नसले तर सगळा द्रव एकत्रच फिरतो आणि मध्ये भोवरा पडतो. फिरणं भरपूर, मिसळणं थोडं.

हे सगळं टाकीत करून बघण्याऐवजी संगणकावर का करायचं? एक बॅच बिघडली की माल जातोच. वर टाकी धुवायला पाणी लागतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ते टँकरने येतं. हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो.

सॉफ्टवेअर काय करतं, ते थोडक्यात सांगतो. टाकीचे लाखो सेल, म्हणजे छोटे कप्पे, पाडतं आणि प्रत्येकात वेग आणि दाब काढतं. या कप्प्यांच्या जाळीला मेश म्हणतात. द्रवाच्या वाहण्याची समीकरणं जुनीच आहेत, नाव्हिएची 1822 ची आणि स्टोक्सने 1845 मध्ये नीट मांडलेली. इम्पेलर खरोखर फिरवायचा तर स्लायडिंग मेश, आणि तो एका जागी गोठवून त्याच्याभोवती फिरती चौकट मानायची तर एमआरएफ (मल्टिपल रेफरन्स फ्रेम). पहिल्याला वेळ फार लागतो, म्हणून बहुतेक जण दुसरीकडे वळतात.

पण सॉफ्टवेअर उघडण्याआधी वही उघडा. समजा टाकी दीड मीटर व्यासाची, तेवढीच उंच भरलेली. त्यात अर्ध्या मीटरचा रश्टन टर्बाइन, म्हणजे चकतीवर उभी पाती असलेला इम्पेलर, मिनिटाला 60 फेरे घेतोय. प्रवाह शांत की खवळलेला हे सांगणारा रेनॉल्ड्स नंबर पाण्यासाठी येतो अडीच लाख. दहा हजारांच्या वर प्रवाह पूर्ण खवळलेला धरतात. रश्टनचा पॉवर नंबर, म्हणजे इम्पेलर किती पॉवर खातो याचा आकडा, साधारण 5, त्यावरून शाफ्टवरची पॉवर येते 156 वॉट. फेरे दुप्पट केले तर आठपट. 95 टक्के मिसळायला लागतात साधारण 27 सेकंद. हे आकडे काढायला पाच मिनिटं पुरतात. सिम्युलेशनमधल्या टॉर्कवरून (शाफ्टवरच्या पिळावरून) पॉवर नंबर 5 ऐवजी 3 आला, तर पुढची चित्रं बघूच नका, मेश सुधारा.

आता त्याच टाकीत पाण्याऐवजी दाट सिरप घ्या. व्हिस्कॉसिटी (दाटपणा) पाण्याच्या पाच हजार पट, घनता 1400 किलो प्रति घनमीटर. रेनॉल्ड्स नंबर कोसळून 70 वर येतो. इथे खवळाट नाही. द्रव ताणला जातो, दुमडतो, पुन्हा ताणला जातो आणि थर पातळ होत जातात. आणि खरा धोका इथेच आहे, कारण संगणक स्वतःच्या पदरचं मिसळणं त्यात घालतो. सेलमध्ये रंगाची बारीक रेघ आली की तो ती अख्ख्या सेलभर पसरवून टाकतो. फर्स्ट ऑर्डर अपविंड या सर्वांत साध्या गणिती पद्धतीत हे खोटं पसरणं मोजता येतं: वेग गुणिले सेलची लांबी, भागिले दोन. वेग सेकंदाला 10 सेंटिमीटर, सेल 5 मिलिमीटरचा. उत्तर येतं 0.00025 चौरस मीटर प्रति सेकंद. पाण्यात विरघळलेल्या साध्या क्षाराचं खरं डिफ्यूजन (आपोआप पसरणं) याच्या साधारण अडीच लाखांश असतं, आणि सिरपमध्ये त्याहूनही कमी! मग सेल बारीक करू म्हणाल, तर एक मिलिमीटरच्या सेललाही ही चूक पन्नास हजार पट उरते, आणि टाकीत सेल होतात अडीचशे कोटींच्या वर. एवढा संगणक कोणाकडे आहे?

म्हणजे मलमाच्या टाकीत कोपरा न मिसळलेलाच राहिलेला असतो आणि पडद्यावर सगळं एकजीव दिसतं. त्याहून अचूक सेकंड ऑर्डर स्कीम घेतली की फरक पडतो, पण पुरेसा नाही. अशा ठिकाणी रंगाची तीव्रता सोडवण्यापेक्षा वजनहीन कण सोडून त्यांच्या वाटा बघाव्यात, कारण कण सेलभर पसरत नाही.

पातळ द्रवात गंमत उलटी होते. खवळाटाचा सरासरी हिशेब धरणारं के-एप्सिलॉनसारखं मॉडेल मोठ्या भोवऱ्यांची हालचाल सरासरीत गाडून टाकतं, आणि मिसळायला लागणारा वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त निघतो. त्यामुळे ‘सिम्युलेशन नेहमी गोड बोलतं’ असंही म्हणता येत नाही. ते कधी कोणत्या बाजूला झुकतं, हे वापरणाऱ्याला माहीत हवं.

साखर कारखान्याची मंडळी दिसताहेत, म्हणून मळीचं सांगतो. गाळप हंगाम थंडीतला. मराठवाड्यात पहाटे पारा 10-12 अंशांवर येतो, दुपारी 30. मळीची व्हिस्कॉसिटी तेवढ्यात कितीतरी पटींनी बदलते. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत मात्र एकच आकडा बसलेला असतो, तोही बहुधा 20 किंवा 25 अंशांचा. पहाटे मोटार का कण्हते, हे तो आकडा सांगणार नाही. आधी व्हिस्कोमीटरने मोजा, दोन-तीन तापमानांना.

पडताळणीलाही फार खर्च नाही. जिथे चालेल तिथे मिठाच्या पाण्याचा डोस टाका आणि कंडक्टिव्हिटी प्रोबने वेळ मोजा. पॉवर बघताना क्लॅम्प मीटरवर नुसते अँपिअर वाचू नका. मोटार हलक्या भारावर असली की पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा हिस्सा) घसरतो आणि अँपिअर फसवतात. वॉट मोजा, टाकी रिकामी असतानाचे वॉट वजा करा.

मघाशी एका विद्यार्थ्याने विचारलं, सोळा जीबीच्या लॅपटॉपवर काय होईल? ओपनफोम हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे. दहा लाख सेलना एक ते दोन जीबी धरा. मघाची टाकी 5 मिलिमीटरच्या सेलने भरली तर दोन कोटी होतात, म्हणजे बसणार नाही. पण रश्टनची पाती सहा, बॅफल चार, म्हणून टाकीचे दोन्ही अर्धे सारखेच, आणि एमआरएफमध्ये प्रवाह अर्ध्याच टाकीत काढता येतो. इम्पेलरजवळ मेश बारीक ठेवा, लांब गेल्यावर मोठा चालतो. मिसळायचा वेळ काढताना मात्र टाकी पूर्ण घ्यावी लागते, कारण डोस एकाच बाजूला पडतो.